डीएसई.एलडिफ दर मिनिटाला वाचणारी स्क्रिप्ट अधूनमधून म्हणते, "फाइलच नाही"

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितेय आणि कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा आलाय, म्हणून फाइलींची, आज्ञांची नावंही देवनागरीतच. समजून घ्या.

आमच्याकडे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (युजरखात्यांची एलडॅप डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) आहे. चार मशीन, चारही एकमेकांशी रेप्लिकेशनने जोडलेली, म्हणजे एकावरचा बदल बाकीच्यांवरही पोचतो. नॅगिऑससाठी (सर्व्हरवर नजर ठेवून अलार्म देणारा प्रोग्राम) एक शेल स्क्रिप्ट आहे, माझ्या आधी जे होते त्यांनी लिहिलेली. ती दर मिनिटाला तीन गोष्टी बघते: पोर्ट कुठला, यूजररूट या मुख्य डेटाबेसची एंट्री कॅश किती (एनएसस्लॅपडी-कॅशमेमसाइझ), आणि रेप्लिकेशन अ‍ॅग्रीमेंट (कोणी कोणाला बदल पाठवायचे याच्या नोंदी) किती. हे सगळं ती थेट सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलीतून, /ईटीसी/डर्सर्व्ह/स्लॅपडी-मुख्य/डीएसई.एलडिफ मधून उचलते. फाइल डर्सर्व्ह या युजरची, नॅगिऑसला वाचता येत नाही, म्हणून सुडोअर्समध्ये त्या एका फाइलीवर कॅट चालवायची परवानगी दिलेली आहे. सुडो कॅट करून /टीएमपी मध्ये कॉपी घ्यायची आणि त्या कॉपीवर ग्रेप मारायचा, असा कारभार.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. तीन महिन्यांपूर्वी आम्ही दोन मशीनची चार केली. तेव्हापासून आठवड्यातून एखाद्या रात्री क्रिटिकल येतो: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. मी डोळे चोळत लॉगिन करते, तर फाइल जागच्या जागी, आणि पुढच्या मिनिटाला सगळं हिरवं. डिस्क तपासली, फाइलसिस्टिम तपासली, कर्नलच्या लॉगमध्ये चकार शब्द नाही. त्या वेळी कोणी कॉन्फिगरेशनला हातही लावलेला नसतो, ऑडिट लॉग बघितला.

दोन प्रश्न. एक, फाइल गायब कशी होते? दोन, चालू सर्व्हरचं कॉन्फिगरेशन स्क्रिप्टने वाचायची रीत नेमकी काय? सुरक्षा तपासणीत त्या सुडोच्या ओळीवर लाल शेरा पडलाय, त्यामुळे तशीही ती काढायचीच आहे.

चटपट

सोपं आहे. सुडो काढा, सेटएफएसीएल वापरून नॅगिऑसला त्या फाइलीवर वाचायचा हक्क द्या. आणि फाइल नाही मिळाली तर स्लीप २ घालून परत वाचा. आमच्याकडे असंच आहे, कधी बोंब नाही.

जुना_खांब

चटपट, तुमचा सेटएफएसीएल पुढच्या लिखाणाला उडून जाईल. कसा, ते खाली येतंच.

रात्रपाळी, डिस्कला दोष देऊ नका. मी हाच घोळ घातलेला आहे, फक्त तुमच्यापेक्षा जास्त आवाज करून. तेव्हा वैतागून चाचणीच्या सर्व्हरवर एसट्रेस (प्रोग्राम आतून काय करतोय ते दाखवणारं साधन) लावून बसलो होतो. सर्व्हर ही फाइल जागच्या जागी खोडून लिहीत नाही. तो आधी डीएसई.एलडिफ.टीएमपी नावाची नवी फाइल पूर्ण लिहितो. मग चालू डीएसई.एलडिफचं नाव बदलून डीएसई.एलडिफ.बॅक करतो. मग त्या नव्या फाइलीचं नाव बदलून डीएसई.एलडिफ करतो. दोन रिनेम, एकामागून एक. त्या दोघांच्या मधल्या फटीत डीएसई.एलडिफ या नावाची फाइल अस्तित्वातच नसते. फट अगदी बारीक, पण तुमची स्क्रिप्ट चार मशीनवर प्रत्येकी दिवसाला १,४४० वेळा दार ठोठावते. कधीतरी ती नेमकी त्या फटीत पडणारच.

"कोणी हात लावला नाही" याचं उत्तरही तिथेच. या फाइलीत फक्त माणसांनी केलेल्या सेटिंग नसतात. रेप्लिकाच्या एंट्रीतलं एनएसस्टेट, म्हणजे बदलांना क्रमांक देणाऱ्या घड्याळाची अवस्था, तेही इथेच राहतं आणि सर्व्हर ते स्वतःहून लिहीत असतो. रेप्लिकेशन वाढवल्यावर त्रास सुरू झाला, हे तुमचं निरीक्षण मला बरोबर वाटतं.

आता सेटएफएसीएलचं. दर लिखाणाला फाइल नवी, आयनोड (फाइलीची डिस्कवरची मूळ नोंद) नवा. जुन्या आयनोडवर दिलेला हक्क जुन्याबरोबर बॅकमध्ये जातो. चटपट यांच्याकडे बोंब झाली नाही, याचा अर्थ त्यांच्या सर्व्हरवर लिखाण क्वचित होतं, इतकाच. आणि स्लीप २ ने अलार्म गप्प होईल हे खरं, पण मूळ दुखणं वेगळं आहे.

ते असं की ही फाइल म्हणजे सर्व्हरची स्वतःची वही. तो सुरू होताना ती वाचतो, नंतर फक्त तिच्यात लिहितो. चालू सर्व्हर कसा वागतोय हे तिच्यातून कळेलच असं नाही. ज्या सेटिंग तुम्ही कधी बदलल्याच नाहीत, त्यांतल्या पुष्कळशा फाइलीत नसतातच; सर्व्हरला एलडॅपवरून सीएन=कॉन्फिग (चालू कॉन्फिगरेशन एंट्रींच्या रूपात) विचारलंत तर तो त्या मूळ मूल्यासकट सांगतो. ग्रेपला ओळ सापडली नाही म्हणून तुमची स्क्रिप्ट काय समजते, शून्य? माझी समजायची.

उलट बाजूही आहे. पोर्टसारख्या काही सेटिंग रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाहीत. कोणी पोर्ट बदलून रीस्टार्ट विसरला, तर वहीत नवं पोर्ट आणि सर्व्हर जुन्या पोर्टवर. इथे सीएन=कॉन्फिगही नवंच सांगेल. असल्या सेटिंगची यादी सीएन=कॉन्फिगमध्येच एनएसस्लॅपडी-रिक्वायर्सरीस्टार्ट या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मिळते, एकदा डोळ्यांखालून घाला. पोर्ट तपासायचं तर पोर्टवर जाऊन बाइंड (लॉगिन) करून बघा, आणखी कशाला हवं? कॅशसाठी सीएन=मॉनिटर,सीएन=यूजररूट,सीएन=एलडीबीएम डेटाबेस,सीएन=प्लगइन्स,सीएन=कॉन्फिग या एंट्रीतलं मॅक्सएंट्रीकॅशसाइझ वाचा. ते चालू प्रक्रियेतलं खरं मूल्य. शेजारीच करंटएंट्रीकॅशसाइझ आणि एंट्रीकॅशहिटरेशिओ आहेत, ते दर मिनिटाला बघण्यात निदान अर्थ आहे. ठरवलेली सेटिंग मात्र दर मिनिटाला कशाला बघायची? तासातून एकदा पुरे.

आणि हो, ती /टीएमपी मधली कॉपी. सुडो कॅट रूट म्हणून वाचतं, पण पुढची फाइल नॅगिऑसच्या शेलने बनवलेली असते. यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) ०२२ असेल तर ती कॉपी मशीनवरच्या प्रत्येकाला वाचता येते. तिच्यात एनएसस्लॅपडी-रूटपीडब्ल्यू, म्हणजे डिरेक्टरी मॅनेजरच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) पासवर्डचा हॅश आहे. शिवाय प्रत्येक अ‍ॅग्रीमेंटमध्ये एनएसडीएस५रेप्लिकाक्रेडेन्शियल्स आहे, आणि तो हॅशसुद्धा नाही. समोरच्या सर्व्हरशी बाइंड करायला सर्व्हरला तो पासवर्ड मूळ रूपात लागतो, म्हणून तो परत उलगडता येईल अशा रीतीने ठेवलेला असतो. ती कॉपी आत्ता आहे का बघा आणि आधी ती पुसा.

उंबरठा

डीएसई.एलडिफ.स्टार्टओके नावाची पण एक फाइल त्याच डिरेक्टरीत असते. ती सतत लिहिली जात नाही. ती वाचली तर फटीचा प्रश्न मिटेल ना?

जुना_खांब

मिटेल, पण ती सर्व्हर शेवटचा नीट सुरू झाला त्या क्षणाची नक्कल आहे. सर्व्हर आठ महिने चालू असेल तर आठ महिन्यांपूर्वीचा फोटो बघून आज तब्येत कशी आहे ते सांगायचं. सर्व्हर उठतच नाही अशा वेळी ती देवासारखी धावून येते, तेवढ्यासाठी तिला राहू द्या.

रात्रपाळी

कॉपी होती. सहाशे चव्वेचाळीस परवानगीने, चारही मशीनवर. पुसली. तोंडाला कोरड पडली आहे, पण ते नंतर.

एलडॅपसर्च करून बघितलं. आधी डिरेक्टरी मॅनेजरने केलं, सगळं दिसलं. पण स्क्रिप्टमध्ये तो पासवर्ड घालायचा नाही एवढं मला कळतं. म्हणून देखरेख नावाचं एक खातं केलं आमच्या मुख्य सफिक्सखाली (डेटाच्या झाडाच्या मुळाखाली), आणि त्याने तीच एंट्री विचारली. उत्तर रिकामं. एरर नाही, काही नाही, एक्झिट कोड शून्य. माझ्या स्क्रिप्टने ओके दिलं! आता हे कसं पकडायचं?

जुना_खांब

शाब्बास, सर्वांत मोठा खड्डा पहिल्याच दिवशी सापडला. मला तो सापडायला चार महिने लागले होते; त्या काळात एका मशीनवर माझी तपासणी रोज "ठीक" म्हणत होती आणि प्रत्यक्षात काहीच बघत नव्हती.

एलडॅपसर्चचा एक्झिट कोड म्हणजे एलडॅपचा निकाल क्रमांक. ४९ म्हणजे पासवर्ड चुकला, ३२ म्हणजे अशी एंट्री नाही, सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही तर २५५. पण "तुला बघायचा हक्क नाही" यासाठी ३८९ सर्व्हर सर्च करणाऱ्याला सहसा एरर देत नाही. जे दिसायला नको ते गाळतो आणि उरलेलं देतो. काहीच उरलं नाही तर रिकामं ताट, निकाल शून्य, म्हणजे यशस्वी. त्याच्या बाजूने बरोबर आहे: नाही म्हणणं म्हणजेसुद्धा तिथे काहीतरी आहे हे सांगणं.

म्हणून स्क्रिप्टमध्ये नियम घाला: मागितलेलं प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट उत्तरात आलंच पाहिजे आणि ते आकडा असेल तर आकडाच असला पाहिजे. नाहीतर नॅगिऑसला ३ परत द्या, अननोन. शून्यही (ओके) नाही आणि दोनही (क्रिटिकल) नाही. "मला माहीत नाही" आणि "बिघडलंय" यांत फरक ठेवला की रात्रीचे निम्मे फोन कमी होतात.

आता हक्क. मूळ बसवणुकीत वरच्या सीएन=मॉनिटरवर सर्वांना वाचता येईल असा एसीआय (कोणाला काय बघता येईल याचा नियम) असतो, फक्त एसीआय आणि कनेक्शन ही दोन अ‍ॅट्रिब्यूट वगळून. सीएन=कॉन्फिगच्या आतल्या भागात तुमच्या खात्याला हक्क तुम्ही द्यायचा. इथे बहुतेक जण घाई करतात आणि सीएन=कॉन्फिगवर एकच एसीआय टाकतात: सगळी अ‍ॅट्रिब्यूट, वाचायला मोकळी. की झाला रूटचा हॅश आणि अ‍ॅग्रीमेंटचे पासवर्ड देखरेखीच्या खात्याला खुले. सुडोतून निघून परत तिथेच. "अमुक सोडून सगळं" असाही लिहू नका. पुढच्या आवृत्तीत नवं गुपित अ‍ॅट्रिब्यूट आलं की ते आपोआप उघडं. हवी ती नावं मोजून लिहा. कॅशसाठी सीएन=एलडीबीएम डेटाबेसवर एक एसीआय, अ‍ॅग्रीमेंटसाठी सीएन=मॅपिंग ट्रीवर एक. हक्क रीड, सर्च, कम्पेअर, बस.

त्या यादीत ऑब्जेक्टक्लास घालायला विसरू नका. फिल्टरमध्ये जे अ‍ॅट्रिब्यूट वापरता त्यावर सर्चचा हक्क लागतो. तुम्ही अ‍ॅग्रीमेंट मोजायला ऑब्जेक्टक्लास=एनएसडीएस५रेप्लिकेशनअ‍ॅग्रीमेंट असा फिल्टर लावणार, आणि ऑब्जेक्टक्लासवर हक्क नसला तर परत तेच रिकामं ताट.

खातं सफिक्सखाली नको, सीएन=कॉन्फिगखाली ठेवा. यूजररूटची आयात चालू असेल तेव्हा सफिक्सखालचं खातं बाइंडच करू शकत नाही, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला आत बघायचं असतं. सीएन=कॉन्फिगचं रेप्लिकेशन होत नाही, त्यामुळे चारही मशीनवर ते हाताने करावं लागेल. मला हे बरंच वाटतं, चार ठिकाणी चार वेगळे पासवर्ड.

पासवर्डवरून आठवलं. सर्व्हरवर पासवर्डची मुदत लागू असेल तर या खात्यालाही ती लागते. पासवर्डमॅक्सएजचं मूळ मूल्य ८६,४०,००० सेकंद, म्हणजे बरोब्बर १०० दिवस. मी खातं केल्यापासून एकशेएकाव्या पहाटे सगळे सर्व्हर एकदम "मेले". रेप्लिकेशनच्या खात्यासाठी जी युक्ती करतात तीच इथे: पासवर्डएक्स्पिरेशनटाइम २०३८०११९०३१४०७झेड ठेवायचा. १९ जानेवारी २०३८, ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. ३२ बिटांचं घड्याळ तिथे संपतं. तोवर मी निवृत्त असेन.

रात्रपाळी

एसीआय टाकले, आकडे येतायत! ऑब्जेक्टक्लास विसरलेच होते, तुम्ही सांगितलं नसतं तर आजची रात्र गेली असती.

दोन छोट्या गोष्टी. एलडॅपसर्चला पासवर्ड छोट्या डब्ल्यूने दिला तर पीएसमध्ये (चालू प्रक्रियांच्या यादीत) दिसतो, म्हणून छोट्या वायने फाइलीतून दिला, तर ४९ येतोय. तोच पासवर्ड हाताने टाइप केला की चालतो. आणि दुसरं, रेप्लिकेशनची स्थिती पण वाचायला घेतली, तर चारही मशीनवर स्टेटसमध्ये "एरर" शब्द आहे. पण बदल तर सगळीकडे पोचतायत.

सॉकेटवाली

पहिल्याचं मी सांगते. फाइल एकोने बनवलीत ना? छोटा वाय फाइलीतला प्रत्येक बाइट पासवर्ड समजतो, शेवटच्या न्यूलाइनसकट. प्रिंटएफने लिहा किंवा एको -एन. परवानगी चारशे.

पण मुळात पासवर्ड हवाच कशाला? स्क्रिप्ट त्याच मशीनवर चालते ना? मग एलडॅपीआय वापरा, म्हणजे नेटवर्कऐवजी मशीनमधल्याच युनिक्स सॉकेटवरून एलडॅप. कर्नलच सर्व्हरला सांगतो की समोरच्या प्रक्रियेचा यूआयडी (युजरचा क्रमांक) कोणता. एनएसस्लॅपडी-एलडॅपीआयलिसन आणि एनएसस्लॅपडी-एलडॅपीआयऑटोबाइंड चालू करा, मग एनएसस्लॅपडी-एलडॅपीआयमॅपटूएंट्रीज चालू करून नॅगिऑसचा यूआयडी एका एंट्रीशी जोडा. एलडॅपसर्चला मोठा वाय आणि एक्स्टर्नल. पासवर्डची फाइल नाही, मुदत नाही, २०३८ ची भानगड नाही. पत्ता लिहिताना सॉकेटच्या मार्गातल्या तिरप्या रेघा टक्का-दोन-एफ अशा लिहाव्या लागतात, तिथे पहिल्यांदा सगळेच अडखळतात.

एक मात्र जपा. ऑटोबाइंडमध्ये रूट युजर डिरेक्टरी मॅनेजरशी जोडलेला असतो. म्हणजे हीच स्क्रिप्ट चुकून रूटच्या क्रॉनमध्ये गेली तर ती डिरेक्टरी मॅनेजर म्हणून वाचते, आणि डिरेक्टरी मॅनेजरला एसीआय लागूच होत नाहीत. सगळं सुंदर चालतं आणि तुम्ही एवढे मोजून लिहिलेले एसीआय भिंतीवरची शोभा. माझ्या स्क्रिप्टची पहिलीच ओळ यूआयडी शून्य असेल तर बाहेर पड अशी आहे.

जुना_खांब

सॉकेटवाली ताईंचं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं आहे, ते घ्या. दूरच्या मशीनवरून तपासायचं असेल तेवढ्यापुरतं माझं खातं ठेवा, आणि तेही टीएलएसवरूनच.

"एरर" बघून घाबरू नका. पूर्ण वाक्य वाचा: एरर, कंसात शून्य, रेप्लिका अक्वायर्ड सक्सेसफुली, इन्क्रिमेंटल अपडेट सक्सीडेड. एरर शून्य म्हणजे एरर नाही. ज्याने हे शब्द ठरवले त्याने रात्रपाळी केली नसावी. जुन्या आवृत्त्यांत नुसता शून्य असायचा. "एरर" शब्द आल्यावर कित्येकांच्या ग्रेपने एकाच दिवशी गळा काढला. शब्द शोधू नका, कंसातला आकडा काढा. आवृत्ती बऱ्यापैकी नवी असेल तर याच अ‍ॅट्रिब्यूटच्या नावापुढे जेसन जोडलेलं भावंडही असतं, त्यात स्टेट ग्रीन, अंबर का रेड ते सरळ मिळतं. शक्य असेल तर तेच वाचा.

आणि हे वाक्य तुम्हाला मोडून दिसत असणार. "इन्क्रिमेंटल" शब्द मधेच तुटून पुढच्या ओळीवर, सुरुवातीला एक स्पेस. एलडिफचा तो नियम आहे: लांब ओळ मोडायची, पुढची ओळ एका स्पेसने सुरू करायची. ओळीओळीने ग्रेप करणाऱ्यांचा घात इथे होतो. एलडॅपसर्चला छोट्या ओ ने एलडिफ-रॅप=नो द्या आणि तीन कॅपिटल एल, म्हणजे ओळी अखंड येतात आणि वरच्या टिप्पण्या जातात. दुसरी खूण, नावापुढे एका अपूर्णविरामाऐवजी (:) दोन (::) आले तर मूल्य बेस६४ या सांकेतिक रूपात आहे. अ‍ॅग्रीमेंटच्या वर्णनात कोणी आपल्या लिपीत काही लिहिलं की हे हमखास होतं. तुमचं लिखाण बघता तुम्हाला ते लवकर भेटेल.

वेळेच्या मर्यादेबद्दल जरा लांबड लावतो, कारण इथे मी खरंच आपटलो होतो. सर्व्हर मरतो तेव्हा सोपं असतं, लगेच २५५. तो अडकतो तेव्हा कठीण. प्रक्रिया जिवंत, पण उत्तर देत नाही. अशा वेळी टीसीपीचं कनेक्शन तरीही जुळतं, कारण ते कर्नल जुळवतो, सर्व्हर नंतर उचलतो. त्यामुळे नेटटाइमआउट ५ दिलं होतं तरी काही उपयोग झाला नाही. ते जोडणीपुरतं असतं. छोट्या एल ची मर्यादा सर्व्हरने पाळायची असते, आणि तोच तर अडकलाय. माझी स्क्रिप्ट तेव्हा क्रॉनमधून चालायची, तिला मारणारं कोणी नाही. दर मिनिटाला एक नवी प्रक्रिया जाऊन लटकायची. तासाला ६०. सर्व्हर मूळ अडचणीतून पाऊण तासात सुटला असता, पण तोवर माझ्याच लटकलेल्या जोडण्यांची रांग त्याच्या दाराशी, आणि दुसऱ्या तीन स्क्रिप्टही त्याच तालात. डिस्क्रिप्टर (एकावेळी उघडता येणाऱ्या जोडण्यांचा कोटा) संपले. दुसऱ्या दिवशी बैठकीत कारण सांगताना मला "देखरेख" हा शब्द उच्चारवेना. आता प्रत्येक एलडॅपसर्च बाहेरून टाइमआउट १० मध्ये गुंडाळलेला असतो, तो १२४ देऊन बाहेर पडला तर क्रिटिकल. आणि फ्लॉक लावून आधीची तपासणी संपल्याशिवाय दुसरी सुरू होऊ देत नाही.

स्कोप बेस (फक्त तीच एक एंट्री) ठेवा, आणि अ‍ॅट्रिब्यूटची नावं देऊनच मागा. सीएन=मॉनिटर अख्खं मागितलंत आणि हक्क असला तर कनेक्शनमध्ये प्रत्येक चालू जोडणीची एकेक ओळ येते.

उंबरठा

डीएसकॉन्फने (३८९ सोबतच्या आज्ञेने) हे सगळं होत नाही का? त्यात मॉनिटर आहे, जेसनही मिळतं.

सॉकेटवाली

होतं. हाताने बघायला मी तेच वापरते, आणि डीएससीटीएलचं हेल्थचेकही चांगलं आहे. पण दर मिनिटाला पायथनचं एवढं गाठोडं उघडायचं माझ्या जिवावर येतं. आणि रूटने चालवलं की तो आपला डिरेक्टरी मॅनेजर झालाच.

फांदी

मी ओपनएलडॅपवाला, दुसऱ्या एलडॅप सर्व्हरवरचा. आमच्याकडे स्लॅपडी.डी डिरेक्टरीतल्या फाइली वाचणारी स्क्रिप्ट आहे. हेच सगळं लागू?

जुना_खांब

लागू, आणि एका बाबतीत जास्तच. तुमच्या फाइलींच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की ही आपोआप तयार झालेली फाइल आहे, हात लावू नका, एलडॅपमॉडिफाय वापरा. वाचण्याबद्दल काही म्हटलेलं नाही, पण आशय पोचावा. तुमच्याकडे ओएलसीसिंकरेपल या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये क्रेडेन्शियल्स= च्या पुढे रेप्लिकेशनचा पासवर्ड सरळ उघडा लिहिलेला असतो. उलगडण्याचीसुद्धा गरज नाही. म्हणून स्लॅपकॅट -एन ० चं आउटपुट कुठेही ओतू नका.

तुमच्या बाजूची रीत: एलडॅपीआय, एक्स्टर्नल, आणि नॅगिऑसच्या यूआयडी-जीआयडीचा जो पीअरक्रेड डीएन (त्या प्रक्रियेचं एलडॅपमधलं पूर्ण नाव) बनतो त्याला ओएलसीअ‍ॅक्सेसमध्ये मोजक्या अ‍ॅट्रिब्यूटवर रीड. तुमचा सर्व्हर हक्क नसलेल्याला बहुधा ३२ देतो, "अशी एंट्रीच नाही". त्यावरून एंट्री उडाली असं समजू नका. मॉनिटर बॅकएंड वेगळा चालू करावा लागतो, आणि त्यातले आकडे ऑपरेशनल अ‍ॅट्रिब्यूट आहेत; नावाने किंवा अधिकचं चिन्ह देऊन मागितल्याशिवाय येत नाहीत. इथेही लोक रिकामं उत्तर बघून बॅकएंड बिघडला समजतात.

रात्रपाळी, एक राहिलं. तुमची जुनी स्क्रिप्ट फेल झाली की तिचं आउटपुट जायचं कुठे?

रात्रपाळी

हा प्रश्न विचारला नसतात तर बरं झालं असतं.

काम पुरं झालं ते आधी. एलडॅपीआय घेतलं, नॅगिऑसचा यूआयडी जोडला, एसीआयमध्ये मोजून सात नावं. सुडोची ओळ चारही मशीनवरून काढली. टाइमआउट, फ्लॉक, यूआयडी शून्य असेल तर बाहेर, आणि अ‍ॅट्रिब्यूट नाही आलं तर ३. चाचणी म्हणून मुद्दाम एका मशीनवरचा एसीआय काढून बघितला, अननोन आला. नऊ दिवस झाले, एकही खोटा फोन नाही.

आता तुमचं उत्तर. जुन्या स्क्रिप्टमध्ये तळाशी एक फंक्शन होतं, "डिबगसाठी" असं वर लिहिलेलं. तिन्हीपैकी एखादी गोष्ट सापडली नाही किंवा जुळली नाही की ते /टीएमपी मधली कॉपी अलार्मच्या मेलला जोडून पाठवायचं. फाइलच नाही म्हणून जे फेल झाले त्यांत कॉपी रिकामी होती. पण दोन मशीनची चार केली त्या आठवड्यात अ‍ॅग्रीमेंटची संख्या जुळत नव्हती, तेव्हाचे अकरा मेल पूर्ण डीएसई.एलडिफसकट गेलेत. ज्या गटाला गेले त्यात एकोणीस माणसं आहेत, त्यांतली तीन आता आमच्याकडे नाहीत.

डिरेक्टरी मॅनेजरचा पासवर्ड काल संध्याकाळी बदलला, चारही ठिकाणी वेगळा. मेल सर्व्हरवरून ते अकरा मेल काढायला सांगितलेत.

सॉकेटवाली

अ‍ॅग्रीमेंटचे?

रात्रपाळी

बारा अ‍ॅग्रीमेंट आहेत. नऊ झालीत. एकेका मशीनवरच्या रेप्लिकेशन खात्याचा पासवर्ड बदलायचा, मग त्याच्याकडे येणारी तीन अ‍ॅग्रीमेंट दुरुस्त करायची, स्टेटसमध्ये कंसात शून्य येईपर्यंत थांबायचं, मग पुढचं मशीन. शेवटचं आज रात्री.